वन्संचं मत

आमच्या वन्संना गिऱ्हाइकं 'ताई' म्हणतात, काही 'नेटवाल्या मॅडम' म्हणतात, आणि चिडलेली असली की 'त्या बाईंना पाठवा हो लवकर' म्हणतात. नेट गेलं की माणूस माणुसकी विसरतो, हे मी फोन उचलून उचलून शिकले आहे. शिव्या मी खायच्या आणि शिडी घेऊन वन्संनी जायचं, अशी आमच्या धंद्यातली वाटणी. धंदा नवऱ्याच्या नावावर आहे.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. पूर्वी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. यजमान गेले आणि त्याच सुमारास एक्स्चेंजही बंद पडलं, तेव्हा त्या एक ट्रंक आणि हत्यारांची एक जड पेटी घेऊन भावाकडे आल्या. आमचं त्या वेळी टीव्हीच्या केबलचं दुकान होतं आणि ते शेवटचे आचके देत होतं. वन्संनी काही दिवस नुसतं बघितलं. मग एकदा सकाळी चहा पिता पिता म्हणाल्या, "तारा तर घराघरात पोचल्याच आहेत. आता त्यातून दुसरं काही सोडायला हवं." नवऱ्यानं पेपरमधून डोकंही वर काढलं नव्हतं. आज तो हा किस्सा चारचौघांत सांगतो, तेव्हा कल्पना त्याची असते आणि चहा वन्संनी केलेला असतो.

तर अशा रीतीनं आम्ही इंटरनेटवाले झालो. दुकानामागच्या खोलीत घराघरात नेट वाटणाऱ्या स्विच-यंत्रांची कपाटं आली. त्याच खोलीत वन्संची कॉटही आहे. आता वन्संच्या खोलीत कपाटं आहेत की कपाटांच्या खोलीत वन्सं आहेत, हे ज्याचं त्यानं ठरवावं. कपाटांचे पंखे दिवसरात्र घुं घुं करतात. मला त्या खोलीत पाच मिनिटं बसवत नाही. वन्संना मात्र तो आवाज असला तरच झोप लागते, आणि एखादा पंखा बंद पडला तर त्या दचकून उठतात. अंगात खिसेच खिसे असलेलं जाकीट, चष्मा कपाळावर, बोलणं जेवढ्यास तेवढं. खांबावर चढून केसाएवढी काचेची फायबर तार जोडायची म्हणजे श्वासही जपून घ्यावा लागतो. बहुतेक तीच सवय त्यांच्या बोलण्याला लागली असावी.

या धंद्यात एक गोष्ट बाहेरच्यांना माहीत नसते. प्रत्येक जोडणीला एक आकडी पत्ता लागतो, आणि हे पत्ते काही आभाळातून पडत नाहीत. बऱ्याच देशांची मिळून एक संस्था आहे, ती ते वाटते. वर्षाची फी भरली की आपण सभासद, आणि सभासद झालं की एक मत. कुणाला किती पत्ते द्यायचे, फी किती घ्यायची, नियम कोणते, हे सगळं सभासदांनी मिळून ठरवायचं. आमचा नवरा या संस्थेला 'पत्ते वाटणारी मंडळी' म्हणतो आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच हसतो. संस्थेच्या लांबच लांब मेल येतात. त्या वाचणारी आमच्या घरात एकच व्यक्ती. आम्ही सभासद असून नसल्यासारखे, आणि वन्सं सभासद नसून असल्यासारख्या.

अशाच एका मेलमधून तो प्रस्ताव आला. तोवर मोठ्यांना मोठी फी आणि लहानांना लहान, असं होतं. आता म्हणे सगळ्यांना सरसकट एकच फी. ज्याला ती झेपणार नाही त्याच्यासाठी एक नवा वर्ग, 'सहयोगी सभासद'. सहयोगीला पूर्वीच्याही निम्मी फी. पत्ते मिळणार, सभेला येता येणार, चहापाणी मिळणार. फक्त मत नसणार.

रात्री जेवताना वन्संनी हे सांगितलं, आणि नवरा एकदम खूश झाला.

"अरे वा! निम्म्यात काम होतंय. आपण सहयोगी होऊन टाकू."

"मत जाईल," वन्सं म्हणाल्या.

"मग जाऊ दे की. मत घेऊन काय लोणचं घालायचंय? आजवर कधी दिलंय आपण?"

मलाही पटलं. खोटं कशाला बोलू? मत कधी कुणी बघितलंय, आणि वाचलेला पैसा हातात दिसतो. वन्संनी ताटातलं संपवलं, ताट मोरीत ठेवलं आणि मागं निघून गेल्या. नवऱ्यानं लगेच ओळखीच्या लहान नेटवाल्यांना फोन लावून आपला निर्णय जाहीरही केला.

त्या वर्षी संस्थेची सभा योगायोगानं आमच्याच शहरात होती. एरवी ती कुठं तरी विमानानं जावं लागेल अशा ठिकाणी असते, म्हणजे लहानांनी जायचा प्रश्नच नाही. या सभेची एक रीत आहे, ती ऐकून मी आधी हसले होते. चर्चेच्या दिवशी तिथं हात वर करत नाहीत. अध्यक्ष विचारतात, "कुणाकुणाला हे पसंत आहे?" आणि ज्यांना पसंत आहे त्यांनी तोंड मिटून हुंकार द्यायचा. मग, "कुणाला नापसंत?" पुन्हा हुंकार. अध्यक्षांनी कान देऊन ऐकायचं आणि सभेचा कल ओळखायचा. हुंकारात जो प्रस्ताव टिकत नाही, तो पुढं मताला जातच नाही.

"हे काय पोरखेळ!" मी म्हणाले.

"पोरखेळ नाही," वन्सं म्हणाल्या. "आपण लाइन कुणाकडून घेतो? मोठ्या कंपनीकडून. त्यांचा माणूस समोर बसलेला असताना त्यांच्या विरुद्ध हात वर करशील? घशातला आवाज कुणाचा ते कळत नाही. आणि कंपनी कितीही मोठी असली तरी तिच्या माणसाला घसा एकच असतो."

मग मीही एकदा तोंड मिटून हुंकार देऊन बघितला.

दोन दिवसांनी नवरा बँकेत गेलेला असताना वन्संनी आसपासचे लहान नेटवाले दुकानात बोलावले. सगळेच निम्म्या फीवर लट्टू होते. वन्संनी एवढंच विचारलं, "आज फी निम्मी आहे. उद्या तीच दुप्पट करायची ठरली, तर ठरवायला आपण कुठं असणार?" बाहेर बाकड्यावर, असं कुणी तरी पुटपुटलं. थोडी कुरबुर झाली, मग मंडळी तयार झाली. काही जण सभा मोठ्या हॉटेलात आहे म्हणूनही तयार झाले असतील, मी कुणाच्या मनात शिरले नव्हते.

आता घोडं अडलं ते हुंकारावर. आयुष्यात कधी मोठ्यानं न बोललेली माणसं. हुंकार द्या म्हटलं की एकाला हसू येई, दुसऱ्याचा आवाज नाकातच विरून जाई. त्यांच्यात एक बँडवाले काका आहेत. उमेदीच्या काळात त्यांचा स्वतःचा बँड होता, मग मुलाच्या आग्रहानं ते नेटच्या धंद्यात आले. त्यांना हा गोंधळ सहन होईना.

"असं बेसूर असेल तर मी यात नाही," ते म्हणाले, आणि खिशातून माउथ ऑर्गन काढून त्यांनी एक स्वर दिला. "हा धरा. सोडायचा नाही. हळू सुरू करायचं, मधे भरायचं, आणि मी बोट खाली केलं की सगळ्यांनी एकदम थांबायचं."

तासाभरात मंडळी अशी काही तयार झाली, की राउटरची तक्रार घेऊन आलेलं एक गिऱ्हाईक तक्रार विसरून ऐकत बसलं. वन्सं खूश होत्या. नवऱ्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, "गुणगुणायला जाताय? जा बापडे. येताना हॉटेलातलं पेन आणा."

सभेला मी गेले ती वन्संच्या सोबतीला, आणि थोडी त्या हॉटेलातल्या जेवणाच्या ओढीनं. तळमजल्यावरचं मोठं सभागृह, पाय बुडेल असा गालिचा, आणि थंडी अशी की बँडवाले काकांनी कानाला रुमाल गुंडाळला. अध्यक्षीणबाई पिकल्या केसांच्या, हसऱ्या. मोठ्या कंपनीचे वकील उठले आणि प्रस्तावाबद्दल चांगलं बोलले. माणूस वाईट नव्हता. लहानांवर बोजा पडू नये, कुणी या जाळ्यातून बाहेर फेकलं जाऊ नये, असं ते मनापासून म्हणत होते. मी तर मान डोलावत होते.

अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "प्रस्ताव पसंत असणाऱ्यांनी हुंकार द्यावा." सभागृहातून फ्रिज चालू झाल्यासारखा एक आवाज आला आणि गेला.

"नापसंत असणाऱ्यांनी?"

बँडवाले काकांचं बोट किंचित हललं. आणि आमच्या रांगेतून तो स्वर उठला. आधी हळू, मग भरत भरत, सगळे एका सुरात. एकाचाही आवाज ढळला नाही. काकांनी बोट खाली केलं आणि सगळे एका क्षणात थांबले. इतकं सुरेख झालं की मागच्या कुणी तरी टाळ्या वाजवल्या.

मग आख्खं सभागृह हसायला लागलं.

अध्यक्षीणबाईंनीही हसून घेतलं आणि चष्मा पुसला. "इतक्या वर्षांत पहिल्यांदाच सुरात ऐकला," त्या म्हणाल्या. "पण माझी पंचाईत झाली. हुंकार हा ज्याचा त्याचा असायला हवा. हा बसवलेला आहे, तो मला धरता येणार नाही. ज्यांनी बसवला त्यांनी उठून कारण सांगावं. कारण पटण्यासारखं असेल तर पुन्हा ऐकू."

ज्यांची तोंडं झाकली जावीत म्हणून हा सगळा खटाटोप, त्यांच्याकडेच आता सगळी सभा माना वळवून बघत होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आमच्या रांगेतला एक जण पिशवीत काही तरी शोधायला लागला. बँडवाले काका छताकडे बघत होते. बेसूर राहिलो असतो तर निभावलं असतं, पण ते त्यांच्या हातून होण्यासारखं नव्हतं.

शेवटी वन्सं उठल्या. माइक त्यांच्या डोक्याच्या वर होता. त्यांनी त्याचा खटका सैल केला, माइक खाली घेतला, खटका पुन्हा आवळला, आणि तो घट्ट बसलाय का ते परत परत हलवून बघत राहिल्या. वकिलांनीच त्यांना धीर दिला.

"ताई, हे तुमच्यासाठीच तर आहे. कमी पैशात सगळं मिळतंय. मग अडचण काय?"

"मी भावाकडे राहते," वन्सं म्हणाल्या.

लोक पुन्हा हसतील असं मला वाटलं, पण कुणी हसलं नाही.

"यजमान गेल्यापासून राहते. भाऊ चांगला आहे. भावजयही चांगली आहे, ती बघा तिथं बसलीय." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी उगाचच हसले. "मला काही कमी नाही. वेळेला जेवण मिळतं, दुखलंखुपलं तर औषध मिळतं. माझ्यावर कुणी आवाज चढवत नाही. पण माझ्या खोलीची भिंत पाडायची ठरली, ते मला गवंडी दारात आला तेव्हा कळलं. आईचं घर विकायचं ठरलं, ते मला घेणारा माणूस घर बघायला आला तेव्हा कळलं. त्याला चहा मीच करून दिला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. फुकट राहणाऱ्याला विचारायची पद्धत नसते, एवढंच. आणि मीही कधी बोलले नाही, कारण मी फुकट राहत होते. तेव्हा तुमचा सहयोगी सभासद कसा असेल, ते मला ठाऊक आहे. तो येईल, चहा पिईल आणि घरी जाईल. त्याला कुणी हाकलणार नाही. फी मोठ्यांकडून मोठी घ्या, लहानांकडून लहान घ्या, पण घ्या. आणि मत प्रत्येकाला एक ठेवा."

एवढं बोलून त्या येऊन माझ्या शेजारी बसल्या.

अध्यक्षीणबाईंनी पुन्हा हुंकार मागितला. या वेळी सूर कुठला नि काय कुठला! पुढून, मागून, कोपऱ्यांतून, ज्याला जसा जमला तसा आवाज आला. बँडवाले काकांचा घसा तर मधेच चिरकला. बाई बराच वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं की या प्रस्तावावर सभेचं एकमत नाही, तो मताला जाणार नाही, पुन्हा लिहायला परत जाईल. आणि लहान सभासदांनी फी कशी असावी याबद्दल आपापलं म्हणणं महिनाअखेर लिहून पाठवावं.

मी हुंकार दिला नाही. मी दातांवर दात दाबून बसले होते. माझं डोकं फिरलं होतं. परक्या माणसांसमोर आमच्या घराची लक्तरं!

जेवलेसुद्धा नाही मी तिथं. बसमध्ये बसल्या बसल्या तोंड सोडलं. "वन्सं, घरातलं घरात बोलायचं होतं."

"कुठं बोलू? जागा सांग."

"जेवताना बोलायचं."

"जेवताना तो बोलतो."

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. "आणि मी? मी काय केलं होतं तुमचं?"

"तू काही नाही केलंस," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तू नवी आलीस तेव्हा तुलाही कुणी विचारत नव्हतं. मग हळूहळू विचारायला लागले. मला बरं वाटायचं. वाटायचं, आता तू माझंही विचारशील."

मला फार वाईट वाटलं, आणि ते सांगायचं कसं तेही कळेना. उतरताना मी नुसती त्यांची पिशवी हातात घेतली.

दुकानात दुसराच प्रकार. सभा नेटवरून दाखवत होते. नवऱ्यानं गिऱ्हाइकांवर छाप पाडायला ती दुकानातल्या मोठ्या पडद्यावर लावली होती. आम्ही पोचलो तेव्हा पडदा बंद होता, दुकान रिकामं होतं आणि नवरा खुर्चीत बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. चार गिऱ्हाइकांसोबत ऐकलं होतं. आता भांडण होणार म्हणून मी पदर खोचलाच होता, पण तो उठून शटर ओढायला लागला. रात्री जेवताना तो काही बोलला नाही. आमच्या घरात जेवताना शांतता पहिल्यांदाच झाली आणि ती कुणालाच गोड लागली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मागच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. आत गेला नाही.

"ताई, संस्थेला काय लिहायचं? तू सांग."

वन्संनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "विचार करून सांगते."

आणि त्यांनी खरंच विचार करायला घेतला. त्या रोजच्यासारख्या शिडी घेऊन जात, येत, जेवत, झोपत. नवरा रोज विचारी, "झालं का?" त्या म्हणत, "चाललंय." तो माझ्यापाशी येऊन कुरकुरे, "एवढं काय असतं त्यात?" कुणाला मत विचारलं की उत्तराची वाट बघावी लागते, ही गोष्ट आमच्या घरात नवी होती. मला, खरं सांगते, त्याची तगमग बघून मजा यायला लागली होती.

शेवटी एका दुपारी वन्सं पुढं दुकानात आल्या. जाकीट काढून ठेवलं होतं. गिऱ्हाइकांच्या खुर्चीवर, भावाच्या समोर बसल्या.

"सभेत मी एक चुकीचं बोलले," त्या म्हणाल्या.

नवऱ्याचा चेहरा एकदम सैल पडला. "जाऊ दे ग ताई, होतं असं बोलण्याच्या भरात. मी काही मनात धरलेलं नाही."

"मी म्हणाले, फुकट राहते. ते चूक होतं. एवढ्या लोकांसमोर चूक बोलले, म्हणून आधी ते नीट तपासून घेतलं. ही कपाटं मी लावली. तारा मी ओढल्या. ऊन असो, वारा असो, शिडी मी चढते. मी फुकट कधी राहिलेच नाही."

नवरा टेबलावरची बिलं सारखी करायला लागला.

"संस्थेला लिहायचंच आहे. पण त्याआधी माझा पगार ठरवायचा. तो ठरला की पत्र मी लिहीन, सही तू कर."

"पगार?" नवरा म्हणाला. "अग, आपण घरचेच ना?"

"घरचेच आहोत. म्हणून इतकी वर्षं थांबले."

तेवढ्यात फोन वाजला. मी उचलायला उठणार, तोच वन्संनी बाजूची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"तू पण बस. तुझ्या पगाराचंही ठरवायचंय."

मला पगार नाही, हे त्या क्षणापर्यंत माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी नवऱ्याकडे बघितलं, फोन बंद केला आणि बसले.